रिकामा रकाना

आपल्याकडे एका धंद्यातली चार माणसे एकत्र आली की आधी चहा येतो आणि चहाच्या मागोमाग संघ येतो. किराणा दुकानदारांचा संघ, रिक्षावाल्यांचा संघ, वृत्तपत्रविक्रेत्यांचा संघ. आम्हा प्राध्यापकांचाही आहे. संघ म्हटला की त्याला घटना आली, वार्षिक सभा आली, हिशेबावरून भांडण आले, आणि निवेदन तर आलेच आले. या निवेदनापाशी माझा संबंध येतो. मराठी शिकवणारे माणूस घरात किंवा शेजारात असले म्हणजे निवेदन लिहिण्याचे काम त्याच्याकडे यायचे, असा जणू नियमच आहे. गेल्या वीस वर्षांत मी सोसायटीच्या पाण्यासाठी लिहिले, कोपऱ्यावरच्या चांभाराची टपरी वाचवण्यासाठी लिहिले, आणि अर्थात आमच्या पगारासाठीही लिहिले.

या अनुभवातून निवेदनाचे एक व्याकरण मला उमगले आहे. निवेदनाचा कर्ता कधीही स्वतःसाठी काही मागत नाही. 'आमचा पगार वाढवा' असे आम्ही कधी लिहिले नाही. 'उच्च शिक्षणाचा दर्जा टिकावा म्हणून' असे लिहिले. २०१३ साली महाराष्ट्रातल्या प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, तो तीन महिने चालला. त्या काळात आमचे म्हणणे खोटे होते असे नाही. थकलेला पैसा खरोखरच थकला होता, आणि सेवेतले प्रश्नही खरेच होते. परंतु निकालाकडे डोळे लावून बसलेल्या मुलांना ते म्हणणे कसे ऐकू येत असेल, हा प्रश्न आमच्या सभेत फारसा कोणी विचारला नाही. सभेत टाळ्या भाऊबंदांच्या असतात. बाहेरच्या माणसाला तिथे खुर्ची नसते.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे माझी भावजय. ती स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि एका तालुक्याच्या गावी तिचे लहानसे प्रसूतिगृह आहे. एरवी ती मला 'ताई' म्हणते. काही काम काढायचे असले म्हणजे 'वन्सं' म्हणते. २०१८ च्या श्रावणात मी चार दिवस माहेरी गेले, तेव्हा दारातच तिने 'या वन्सं' म्हटले आणि मी समजून चुकले की निवेदन लिहायचे आहे.

डॉक्टरांचे संघ किती आहेत याची मला तोवर कल्पना नव्हती. सगळ्या डॉक्टरांचा मिळून एक मोठा संघ आहेच. पण त्याशिवाय जितकी शास्त्रे तितके संघ. बालरोगतज्ज्ञांची अकादमी १९६३ पासूनची. स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्रवाल्यांचा अखिल भारतीय महासंघ, ज्याला ही मंडळी 'फॉग्सी' म्हणतात, तो १९५० चा. क्ष-किरण आणि सोनोग्राफीवाल्यांचा आणखी वेगळा. अधिवेशने भरवणे, नव्या औषधांवर व्याख्याने करणे, हे तर ते करतातच. पण त्यांचे खरे वजन दिल्लीत दिसते. एखादा कायदा व्हायचा असला की सरकार यांना बोलावते. काही कायद्यांत तर त्यांच्या व्यवसायासाठी जागाच राखून ठेवलेली असते. गर्भलिंगनिदानाच्या कायद्याखाली जे मध्यवर्ती पर्यवेक्षण मंडळ आहे, त्यात दोन नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञ, दोन बालरोगतज्ज्ञ आणि दोन आनुवंशशास्त्राचे जाणकार असावेत असे कायद्यातच लिहिले आहे. त्यांच्या शेजारी दोन समाजशास्त्रज्ञ, स्त्रियांच्या संस्थांच्या दोन प्रतिनिधी आणि संसदेच्या तीन महिला सदस्य बसतात. म्हणजे डॉक्टरांना दार ठोठवावे लागत नाही. ते दिवाणखान्यात असतात.

आणि त्यांच्या शब्दाने भलेही पुष्कळ झाले आहे. २०२१ साली गर्भपाताच्या कायद्यात सुधारणा झाली आणि काही ठरावीक स्त्रियांसाठी वीस आठवड्यांची मर्यादा चोवीस आठवड्यांवर गेली. पोटातल्या बाळाचे काही गंभीर व्यंग अठराव्या-विसाव्या आठवड्याच्या तपासणीतच नीट दिसते. मग बाईला विचार करायला उसंत ती किती? ही गोष्ट वकिलाला ठाऊक नसते, पुढाऱ्याला ठाऊक नसते. टेबलापाशी रोज बायका तपासणाऱ्यालाच ती ठाऊक असते, आणि स्त्रीरोगतज्ज्ञ ती वर्षानुवर्षे सांगत आले होते. तसेच बालरोगतज्ज्ञांचे. बाळाच्या डब्यातल्या दुधाची जाहिरात बंद करणारा कायदा १९९२ साली झाला. पुढे २००३ च्या दुरुस्तीने तर त्या कंपन्यांनी डॉक्टरांच्या संघटनांनाही अधिवेशनासाठी पैसा देऊ नये असे स्पष्ट घातले. पण ही सक्ती येण्यापूर्वीच बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने तसा पैसा न घेण्याचा ठराव केला होता. आपल्याच अधिवेशनातले जेवण साधे करणारा ठराव करणे सोपे नव्हे. आम्हा प्राध्यापकांना विचारा.

हा झाला जाणत्याचा आवाज. पण त्याच गळ्यातून दुसराही एक आवाज येतो, तो भाऊबंदाचा. दोन्ही आवाज एकाच कागदावर, एकाच शिक्क्याखाली, एकाच नम्र भाषेत येतात. त्यामुळे ऐकणाऱ्याची फसगत होते; आणि मला वाटते, पुष्कळदा बोलणाऱ्याचीही होते.

भावजयीचे गाऱ्हाणे असे होते. गर्भवती स्त्रीची सोनोग्राफी करायची तर डॉक्टरला 'एफ' नावाचा एक फॉर्म भरावा लागतो. बाईचे नाव, वय, पत्ता, जिवंत मुले किती, त्यांत मुलगे किती, मुली किती, कोणी पाठवले, कितवा आठवडा, तपासणी कशासाठी, मला मुलगा की मुलगी हे जाणून घ्यायचे नाही असे बाईचे, आणि मी ते सांगितले नाही असे डॉक्टरचे, अशी दोन प्रतिज्ञापत्रे. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत साऱ्याचा अहवाल पाठवायचा, कागद दोन वर्षे जपून ठेवायचे. आणि त्या फॉर्मात काही उणे राहिले किंवा चुकले, तर कायदा असे धरून चालतो की डॉक्टरने कायदा मोडला; तसे नाही हे डॉक्टरने सिद्ध करायचे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद. न्यायालयात आरोप निश्चित झाले, की निकाल लागण्याच्या आधीच वैद्यक परिषदेतली नोंदणी स्थगित होऊ शकते.

२०१६ साली तिच्या दवाखान्यात तपासणीचे पथक आले. अकरा फॉर्मांत दोष निघाले. काहींत पाठवणाऱ्या डॉक्टरचा पुरता पत्ता नव्हता. दोहोंत सहीपुढे तारीख नव्हती. आणि एका फॉर्मात जिवंत मुलांचा रकाना रिकामा होता. पथकाने यंत्राला सील ठोकले. न्यायालयातून ते सुटायला पाच महिने लागले.

"ती पहिलटकरीण होती हो वन्सं," भावजय म्हणाली. "तिला मूलच नव्हतं, तर रकान्यात काय लिहिणार? माझ्या मुलीनं तो तसाच सोडला." 'माझी मुलगी' म्हणजे तिच्याकडे नोंदी ठेवणारी बारावी झालेली पोर.

"निरंक लिहायचं," मी म्हटले. सरकारी मराठीतला तो शब्द मला फार आवडतो.

"ते तुम्हाला ठाऊक. तिला कुठून असणार?"

त्या पाच महिन्यांत गावातल्या बायकांना सोनोग्राफीसाठी चाळीस किलोमीटरवर जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागले. एकदा रात्री दोन वाजता एक बाई पोटात कळा येतात म्हणून आली. गर्भ नळीत असावा असा भावजयीला संशय आला, पण पाहायला यंत्र नव्हते. ते शेजारच्या खोलीत लाखेचा शिक्का लावून बसले होते. जीपमध्ये घालून बाईला पुढे धाडले. बाई वाचली. भावजय मात्र त्या दिवसापासून रात्री दाराची घंटा वाजली की दचकून उठते, असे माझा भाऊ सांगतो.

तेव्हा तिचा राग खोटा नव्हता. तसा राग देशभर होता. १ सप्टेंबर २०१६ रोजी क्ष-किरणतज्ज्ञांनी याच कारणावरून देशभर आपली केंद्रे बंद ठेवली होती. २०१७ साली फॉग्सी सर्वोच्च न्यायालयात गेली होती. मागणी अशी की प्रत्यक्ष गर्भलिंग सांगणाऱ्याला जरूर तुरुंगात घाला, पण कागद भरताना झालेल्या कारकुनी चुकीला तीच शिक्षा नको. तो दावा चालू असतानाच जिल्ह्याच्या शाखेने ठरवले की आपणही खासदारांना मराठीतून निवेदन द्यावे. आणि म्हणून दारात 'वन्सं'.

जेवणानंतर आम्ही दोघी स्वयंपाकघरातच बसलो. आई पलीकडे पाटावर बसून बिरड्यासाठी वाल सोलत होती. मी कागदावर 'कारकुनी चूक' हे दोन शब्द लिहिले आणि थांबले. व्यवसायाने मी चुका काढणारी बाई. ऱ्हस्वाचा दीर्घ झाला तर अर्धा गुण जातो आणि उत्तरपत्रिकेत प्रश्नाचे उत्तरच नसले तर सगळे गुण जातात, हे मी जन्मभर करीत आले आहे. मी भावजयीला म्हटले, "अगं, तारीख राहिली ही ऱ्हस्व-दीर्घाची चूक झाली. पण मुलांचा रकाना? दोन मुली असलेली बाई तिसऱ्या वेळी चौदाव्या आठवड्यात तपासायला आली, हे ज्या रकान्यातून कळायचं तोच रिकामा असला, तर ती ऱ्हस्व-दीर्घाची चूक कशी म्हणायची?"

"पण माझी ती बाई पहिलटकरीण होती!"

"तुझी होती. पण रिकामा रकाना तसं सांगत नाही ना. दोन मुली लपवणाराही तो असाच रिकामा सोडील."

ती गप्प झाली. रागावली असावी. पण ती विचार करणारी आहे. थोड्या वेळाने म्हणाली, "खरं सांगू? जो हे पाप करतो त्याचे फॉर्म अगदी व्यवस्थित भरलेले असतात."

हेही खरेच होते, आणि मी ते लिहून घेतले.

"आमच्या वेळी असले फॉर्म नव्हते," आई म्हणाली.

आम्हाला वाटले, ती नेहमीप्रमाणे आमच्या वेळी बाळंतपणे घरीच होत वगैरे सांगणार. पण ती वाल सोलता सोलता, वर न पाहता, अगदी सपाट आवाजात बोलत राहिली. १९८३ साल. मी चार वर्षांची होते. मला आजोळी ठेवून तिला मुंबईला नेले होते, आत्याच्या ओळखीने. पोटात सुई घालून पाणी काढले. दोनतीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. मग पुन्हा नेले. माझा भाऊ त्यानंतर तीन वर्षांनी झाला.

"मला कुणी काही विचारलं नाही," आई म्हणाली. "डॉक्टर ह्यांच्याशी नि वन्संशी बोलले. मी बाहेर बाकावर होते. डॉक्टर चांगले होते हं. हात हलका होता त्यांचा. पुण्याचे, का कुठले."

मी एकोणचाळीस वर्षांची होते आणि हे पहिल्यांदा ऐकत होते. मला बहीण होती, किंवा झाली असती; मराठीत या वाक्याला क्रियापदाचे कोणते रूप वापरावे हे मला त्या क्षणी सुचेना, आणि अजूनही सुचत नाही.

मग आईने मान वर केली आणि भावजयीला विचारले, "तेव्हा या डॉक्टरांचा संघ नव्हता का गं?"

भावजयीने पुष्कळ वेळ उत्तर दिले नाही. शेवटी म्हणाली, "होता, आई."

त्या काळाविषयी मी नंतर पुष्कळ वाचले. आता थोडे पैसे खर्चा आणि पुढे हुंड्याचे वाचवा, अशा अर्थाच्या उघड जाहिराती तेव्हा होत. सरकारी रुग्णालयांतून ही तपासणी या कामासाठी करण्यास बंदी आली, तशी ती खासगी दवाखान्यांत गेली. १९८८ साली महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा या विरुद्ध कायदा केला. तो व्हावा म्हणून रस्त्यावर आल्या त्या मुख्यतः मुंबईतल्या स्त्रियांच्या संघटना आणि काही सामाजिक कार्यकर्ते. त्यांत काही डॉक्टरही होते, पण ते आपापल्या मनाने आले होते. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला आणि १९९६ च्या १ जानेवारीला अमलात आला. तोही नीट पाळला जावा म्हणून पुण्यामुंबईच्या दोन संस्था आणि एक कार्यकर्ते यांना २००० साली सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. त्यानंतर २००३ साली तो अधिक कडक झाला. फॉर्म एवढा काटेकोर का झाला, त्याचे उत्तर या इतिहासात आहे. खोलीत डॉक्टर, बाई आणि पडदा. चौथे कोणी नाही. बोट वर केले की मुलगा, नुसती मान हलवली की मुलगी. त्या खोलीतून बाहेर येतो तो फक्त कागद. मग कायद्याने कागदालाच साक्षीदार केले.

आणि आकडे पाहिले तर त्या साक्षीदाराची गरज कळते. सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली किती, ते जनगणना सांगते. महाराष्ट्रात १९९१ साली त्या ९४६ होत्या, २००१ साली ९१३, आणि २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात २०११ साली तो आकडा जेमतेम आठशेच्या घरात होता. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेली १९ अर्भके सापडली, ती आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असतील. त्या प्रकरणातला डॉक्टर स्त्रीरोगतज्ज्ञ नव्हता हे भावजय आवर्जून सांगते, आणि ते खरे आहे. पण हजारांतल्या शंभर मुली काही एकट्या त्याने नाहीशा केल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजय कागद घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, पुन्हा लिहू या." 'वन्सं' नव्हे.

आम्ही नवे निवेदन लिहिले. त्यात तीन गोष्टी होत्या. पहिली: मुलांची संख्या, आठवडा, तपासणीचे कारण आणि दोन्ही प्रतिज्ञापत्रे, या रकान्यांतली उणीव कधीही कारकुनी समजू नये, मात्र पत्ता, तारीख अशा बाबींना आधी नोटीस, मग दंड, अशी पायरी असावी. दुसरी: यंत्राला सील ठोकल्यावर गावातल्या बायकांची सोय कुठे, याचे उत्तर सील ठोकणाऱ्याने त्याच दिवशी द्यावे. तिसरी गोष्ट भावजयीने स्वतः सांगितली आणि मी फक्त विरामचिन्हे घातली: न्यायालयात दोषी ठरलेल्या सदस्याचे सभासदत्व आमची शाखा स्वतः रद्द करील, आणि असा प्रकार कोठे चालतो हे ठाऊक असून गप्प बसणे हाही आम्ही आमच्या संघटनेपुरता गुन्हा समजू.

शाखेच्या सभेत पहिल्या दोन मागण्या थोड्याफार फरकाने मंजूर झाल्या. तिसरीवर दोन तास वाद झाला. कोणी म्हणाले, आपले निवेदन आपल्या बाजूने हवे, विरुद्ध कसे? कोणी म्हणाले, शेजारच्या दवाखान्यात काय चालते हे पाहणे आपले काम नव्हे. एका वयोवृद्ध डॉक्टरांनी मात्र उठून सांगितले की आपण चाळीस वर्षे हेच म्हणत आलो म्हणून आज आपल्या खोलीत पोलीस आले. तरीही अखेरीस त्या परिच्छेदाचे एक वाक्य झाले: 'आमची संघटना अशा अनिष्ट प्रथांचा तीव्र निषेध करते.' निषेध! निवेदनांच्या भाषेत याहून स्वस्त शब्द नाही. मी स्वतः तो शेकडो वेळा वापरला आहे. भावजयीने त्या निवेदनावर सही केली, आणि सहीखाली आपल्या हाताने वगळलेला परिच्छेद लिहून त्याखाली पुन्हा सही केली. तिची तेवढी प्रत खासदारांकडे गेली की कचऱ्यात, कोणास ठाऊक.

पुढच्या वर्षी, ३ मे २०१९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने फॉग्सीची याचिका फेटाळली. न्यायालयाने सांगितले त्याचा सारांश असा, की हा फॉर्म भरणे म्हणजे नुसती कारकुनी नव्हे. तपासणी कशासाठी केली हे दाखवणारा तोच एक पुरावा. तो ढिला केला तर कायद्यात उरतेच काय? मी तो निकाल वाचला तेव्हा मला माझ्या भावजयीचा शिक्का मारलेला पडदा आठवला आणि आईचा बाकही आठवला. न्यायालयाला दोहोंतून एक निवडायचे होते. त्याने बाकाची बाजू घेतली. मी न्यायाधीश असते तरी तीच घेतली असती; पण त्या रात्री जीपमध्ये घातलेल्या बाईचा विचार मनातून जात नाही. तिचाही कोणी संघ नव्हता.

आणि माझे म्हणणे नेमके हेच आहे. डॉक्टरांच्या संघटनांनी सरकारदरबारी बोलू नये असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांनी बोलावे, मोठ्याने बोलावे. ते बोलले नाहीत तर कायदे अशी माणसे करतील ज्यांनी प्रसूतिगृहाचे दार फक्त पेढे वाटताना पाहिले आहे. यंत्र बंद पडले की कोणत्या बाईचे काय होते हे डॉक्टरांवाचून सांगणार कोण? पण त्यांच्या शब्दाला वजन येते ते त्यांच्या पदव्यांमुळे नव्हे, आणि ते केंद्रे बंद ठेवू शकतात म्हणून तर नव्हेच. ज्या दिवशी बालरोगतज्ज्ञांनी डब्यांच्या कंपन्यांचा पैसा नाकारला, त्या दिवशी बाळांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांनी मिळवला. आपल्यातल्या चुकणाऱ्याला आपण होऊन दार दाखवणाऱ्या संघटनेने 'आमच्यातल्या निर्दोषाला छळू नका' म्हटले, तर ते ऐकावेच लागते. एरवी तो आणखी एक संघ. दुकानदारांचा, रिक्षावाल्यांचा, प्राध्यापकांचा असतो तसा.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी डॉक्टर असतील. उद्या त्यांच्या संघटनेचे एखादे निवेदन वर्तमानपत्रात आले तर एक साधी कसोटी लावून पाहा: त्या कागदाखाली एखाद्या रुग्णाला मोकळ्या मनाने सही करता येईल का? जिथे करता येईल तिथे तो जाणत्याचा आवाज. जिथे पेन अडेल तिथे भाऊबंदाचा.

भावजय आता प्रत्येक फॉर्म स्वतः भरते. बाईला शेजारी बसवून, रकाना रकाना वाचून दाखवून. 'मुले किती' याला ती 'निरंक' असे पूर्ण अक्षरांत लिहिते. पहिलटकरणी त्या शब्दाला हसतात म्हणे. यात तिचा दिवसाचा दीड तास जातो, आणि तो तास वाचावा म्हणून ती आजही भांडतेच आहे. पण आता तिच्या भांडण्यात त्रागा नसतो.

माझ्या भावाला आईने स्वतःच सारे सांगितले, त्या वर्षीच्या भाऊबिजेच्या आदल्या रात्री. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मी ओवाळताना त्याने निरांजनाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले नाही. आमच्या घरी त्या गोष्टीविषयी तेव्हापासून कोणी बोलत नाही, परंतु ती आता झाकलेलीही नाही.

हा लेख लिहावा की नाही, याचे मला बरेच दिवस ठरवता येत नव्हते. गोष्ट माझी नव्हती, आईची होती. म्हणून यंदा गणपतीत घरी गेले तेव्हा तिला सरळ विचारले. आईने चष्मा काढून पदराने पुसला.

"लिही की," ती म्हणाली. "फक्त त्या डॉक्टरांना वाईट म्हणू नकोस. वाईट नव्हते ते. त्यांना कुणी अडवलं नाही, एवढंच लिही."